स्क्रीनवरच्या पाठासाठी सॉफ्टवेअरची निवड

संगणकावरील एखादे काम दुसऱ्यास शिकवावयाचे, तर ते स्वतः करून दाखवीत आणि तोंडाने त्याचा खुलासा करीत स्क्रीनवरच्या साऱ्या हालचालींचे रेकॉर्डिंग करून ठेवावे, हा प्रघात आता शिकवणी घेणाऱ्या शिक्षकापासून पतसंस्थेतील नव्या कारकुनास तयार करणाऱ्या शाखाधिकाऱ्यापर्यंत सर्वत्र पडला आहे. आणि या कामात प्रथमच हात घालणारा गृहस्थ सर्वांत आधी विचारतो तो प्रश्न म्हणजे, ‘त्यासाठी सॉफ्टवेअर कोणते घ्यावे?’ प्रश्न रास्त आहे. मात्र त्याच्या उत्तरादाखल जी कोष्टके पुढे केली जातात, त्यांत चित्र किती रेखीव येते, सेकंदाला किती फ्रेम उतरतात, वेबकॅममधला चेहरा कोणत्या कोपऱ्यात बसविता येतो, असल्याच बाबींची नोंद असते. वस्तुतः आजघडीला फुकटातले साधनदेखील स्क्रीनचे चित्र बिनतक्रार उतरवून घेते, आणि त्या मुद्द्यावर डावे-उजवे करण्यासारखे फारसे उरलेले नाही. खरा फरक पडतो तो रेकॉर्डिंग संपल्यानंतर. सातव्या मिनिटाला जीभ अडखळली, किंवा सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येऊन ज्या बटणावर तुम्ही क्लिक केले होते ते बटणच जागेवरून हलले, तर पाठाची दुरुस्ती करण्यास तुम्हांस किती वेळ लागेल, या एका प्रश्नावर सॉफ्टवेअरची निवड व्हावी असे माझे मत आहे. बाकीच्या सोयी ओघाने येतात.

दुरुस्तीची तयारी सॉफ्टवेअर उघडण्यापूर्वीच करावी लागते. मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा उपक्रम या दृष्टीने अवश्य पाहावा. लिब्रेऑफिस, लिनक्स, सायलॅब यांसारखी मुक्त सॉफ्टवेअरे शिकविणारे, साधारण दहा मिनिटांचे हे पाठ प्रथम इंग्रजीत तयार होतात आणि मग मराठीसह अनेक भारतीय भाषांत त्यांचा आवाज बदलला जातो. स्क्रीनवरचे चित्र मात्र तेच राहते. हे साधते याचे कारण असे की तेथे आधी मसुदा लिहिला जातो, आणि तोही दोन रकान्यांत: डावीकडे स्क्रीनवर काय करावयाचे ते, उजवीकडे त्या वेळी काय बोलावयाचे ते. घरखर्चाचा तक्ता शिकवावयाचा असेल, तर डाव्या रकान्यात ‘बी२ पासून बी३१ पर्यंतच्या चौकटी निवडणे’ असे आणि त्याच्याच समोर ‘आता या महिन्याच्या खर्चाचे सारे आकडे आपण एकदम निवडू’ असे वाक्य येते. बोलताना मनुष्य फार पाल्हाळ लावतो, ‘आता आपण काय करणार आहोत तर’ या प्रस्तावनेतच त्याचे पाव मिनिट जाते. दोन रकान्यांची शिस्त या सवयीस आपोआप आवर घालते, आणि पुढे चूक निघाली तर नेमकी कोणती ओळ पुन्हा बोलावयाची तेही कागदावर तयार असते.

पाठाच्या लांबीचाही निवडीशी निकट संबंध आहे. एडएक्स या ऑनलाइन शिक्षणसंस्थेच्या अभ्यासक्रमांतील व्हिडिओ विद्यार्थी कसे पाहतात याची जी पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात सहा मिनिटांच्या आतले व्हिडिओ सर्वांत अधिक लक्षपूर्वक पाहिले जातात असे आढळून आले होते. पाऊण तासाचे व्याख्यान अखंड उतरवून घेण्याऐवजी पाच-पाच मिनिटांचे सुटे पाठ करावयाचे एकदा ठरविले, की दुरुस्तीचा प्रश्न निम्मा मिटतो, कारण चुकलेला पाठ संपूर्ण पुन्हा करणे हेच पुष्कळदा कापाकापी करीत बसण्यापेक्षा स्वस्त पडते. ज्यास असे सुटे पाठ करावयाचे आहेत, त्याने महागडे सॉफ्टवेअर घेण्यापूर्वी आपल्या संगणकात मुळातच काय आहे ते पाहावे.

विंडोज ११ मधील स्निपिंग टूल हे स्क्रीनचा छायाचित्रासारखा तुकडा घेण्याचे साधन आता रेकॉर्डिंगही करते. चौकट आखावी, माइक चालू करावा, सुरुवात करावी, इतका त्याचा कारभार सोपा आहे. त्याच विंडोजमधला गेम बार, जो विंडोज आणि जी या दोन कळा दाबल्या असता उघडतो, तो शिक्षकाच्या उपयोगाचा नाही असे मी स्पष्ट सांगेन. तो मूळचा खेळ खेळणाऱ्यांसाठी केलेला आहे, त्यामुळे एका वेळी एकाच ॲपची खिडकी तो टिपतो, आणि डेस्कटॉप किंवा फाइल एक्सप्लोरर तर टिपतच नाही; साहजिकच ‘तक्ता सेव्ह केल्यावर ती फाइल कोठे सापडेल ते पाहू’ असे म्हणून तुम्ही फोल्डर उघडलेत, की पाहणाऱ्यास ते फोल्डर दिसणार नाही. मॅकवर शिफ्ट, कमांड आणि ५ या कळा एकत्र दाबल्या की रेकॉर्डिंगची पट्टी उघडते. ही सोय २०१८ च्या मोहावी आवृत्तीपासून आहे, आणि माउसचे क्लिक वर्तुळाने दाखविण्याची मुभाही तीत आहे. सोबतच्या आयमूव्हीत कापणे-जोडणे होते. मॅकवाल्यास सुरुवातीला याहून अधिक काही लागत नाही.

ज्यांस अंगच्या साधनांची मर्यादा जाणवू लागते त्यांस बहुधा ‘ओबीएस स्टुडिओ’ची शिफारस केली जाते, आणि ती योग्यच आहे. २०१२ साली ह्यू बेली यांनी सुरू केलेले हे सॉफ्टवेअर मुक्त परवान्याखाली विनामूल्य मिळते, विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर चालते, त्यास वेळेचे बंधन नाही आणि चित्रावर ते आपला शिक्काही उमटवीत नाही. प्रथम उघडताच मात्र नवखा मनुष्य बिचकतो, कारण समोर काळी चौकट आणि तिच्याखाली ‘सीन’, ‘सोर्स’ अशी रिकामी खानी एवढेच दिसते. त्यात समजून घ्यावयाचे थोडेच आहे. जे चित्रात किंवा आवाजात हवे ते सोर्स, आणि अशा सोर्सांची एक मांडणी म्हणजे सीन. शिकविण्याच्या कामासाठी ‘डिस्प्ले कॅप्चर’ हा सोर्स घ्यावा, ‘विंडो कॅप्चर’ नव्हे. कारण एकच खिडकी टिपावयास सांगितली, तर तिच्यातून उघडणारे मेनू आणि छोट्या सूचनापेट्या काही वेळा चित्रात येत नाहीत, आणि नेमका मेनू कोठे आहे हेच तर तुम्हांस शिकवावयाचे असते. ज्या लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतात तेथे डिस्प्ले कॅप्चर निवडूनही चौकट काळीच राहिली, तर घाबरून जाऊ नये. विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये जाऊन, जी चिप स्क्रीन चालविते तीवरच ओबीएस चालेल अशी तजवीज केली की चित्र उमटते.

ओबीएसच्या पसंतीचे दुसरे एक कारण महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावी बसून काम करणाऱ्यास ताबडतोब पटेल. एमपी४ ही फाइल साधारणतः अशी बनते की चित्र आणि आवाज आधी लिहिले जातात आणि त्यांची अनुक्रमणी अगदी शेवटी, रेकॉर्डिंग थांबविल्यावर लिहिली जाते. मध्येच वीज गेली तर अनुक्रमणी राहून जाते आणि अर्ध्या तासाची फाइल उघडतच नाही. एमकेव्ही या प्रकारात ही अडचण नाही, वीज गेली त्या क्षणापर्यंतचा मजकूर शाबूत राहतो, आणि म्हणून ओबीएसने अनेक वर्षे तोच प्रकार मूळ ठरवून ठेवला होता. नंतर ‘फाइल’ मेनूतील ‘रीमक्स रेकॉर्डिंग्ज’ या सोयीने चित्राचा दर्जा तिळमात्र न घटता काही सेकंदांत एमपी४ तयार होते. अलीकडच्या आवृत्त्यांत ‘हायब्रिड एमपी४’ नावाचा, अपघातातून वाचणारा प्रकारही आला आहे. भारनियमनाच्या दिवसांत डेस्कटॉपवर, यूपीएस नसताना काम करणाऱ्याने या दोहोंपैकी एक निवडल्याची खात्री केल्यावाचून रेकॉर्डिंगचे बटण दाबू नये.

परंतु ओबीएसमध्ये एडिटिंग नाही, कर्सर चित्रातच मिसळून जातो, आणि एकदा उतरलेल्या चित्रातून तो पुन्हा वेगळा काढता येत नाही. टेकस्मिथ या अमेरिकन कंपनीचे ‘कॅम्टेशिया’ येथे खरोखर वरचढ ठरते. ओबीएसची फाइल हे छापून हातात आलेले पान मानले, तर कॅम्टेशियाचे रेकॉर्डिंग हे अजून खिळे जुळवून ठेवलेले पान आहे: कर्सरची हालचाल त्यात चित्राहून वेगळी साठविलेली असते, त्यामुळे रेकॉर्डिंग संपल्यानंतरही कर्सर मोठा करता येतो, त्याभोवती पिवळे वर्तुळ घालता येते, थरथरत्या हाताने इकडेतिकडे फिरलेला कर्सर सरळ रेषेत नेता येतो, आणि नको तेथे तो दिसेनासाही करता येतो. ज्या चौकटीबद्दल बोलणे चालू आहे तेवढीच जवळ आणून दाखविणे, बाण किंवा चौकोन काढणे, ही कामेही तेथेच होतात. मॅकपुरते टेलिस्ट्रीमचे ‘स्क्रीनफ्लो’ याच जातीचे आहे. मात्र कॅम्टेशिया आता वार्षिक वर्गणीवर मिळते, आणि त्यातील प्रोजेक्टच्या फाइली त्याच्याखेरीज अन्यत्र उघडत नाहीत. म्हणजे तुमच्या साऱ्या दुरुस्त्या त्या वर्गणीच्या दावणीला बांधल्या जातात. ज्याचा उदरनिर्वाह या पाठांवर आहे, किंवा ज्या संस्थेचे दरमहा नवे पाठ निघतात, तिने हा खर्च जरूर करावा. वर्षातून पाच-सहा पाठ करणाऱ्या शिक्षकाने तो करू नये.

कारण कर्सरचा प्रश्न पैसे न देताही बराचसा सुटतो. विंडोजच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये जाऊन रेकॉर्डिंगपूर्वीच कर्सर मोठा आणि भडक रंगाचा करून ठेवता येतो. मायक्रोसॉफ्टचेच ‘झूमइट’ हे विनामूल्य साधन घेतले, तर कंट्रोल आणि १ दाबताच स्क्रीनचा भाग जवळ येतो आणि कंट्रोल आणि २ दाबताच माउसने स्क्रीनवर रेघोट्या ओढता येतात, आणि हे सारे रेकॉर्डिंग चालू असतानाच होत असल्यामुळे नंतरचे काम वाचते. कापण्या-जोडण्यासाठी ‘शॉटकट’ किंवा ‘केडेनलाइव्ह’ ही मुक्त सॉफ्टवेअरे पुरेशी आहेत. येथे एक सावधगिरी सांगावीशी वाटते. मोबाइलवर किंवा झूमच्या बैठकीत केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये फ्रेमचा वेग कमीजास्त होत राहतो, आणि तसली फाइल एडिटरात घेतली असता आवाज व चित्र यांची फारकत होऊ लागते. पहिल्या मिनिटाला न जाणवणारी ही तफावत विसाव्या मिनिटाला पाहवत नाही. ओबीएस स्थिर वेगाने टिपते, म्हणून पुढे एडिटिंग करावयाचे असल्यास मूळ रेकॉर्डिंग त्यातच करावे.

मराठीतून पाठ करणाऱ्याने कोणताही एडिटर पसंत करण्यापूर्वी आणखी एक परीक्षा घ्यावी. शीर्षकाच्या चौकटीत ‘दुसऱ्या प्रात्यक्षिकातील कृती’ एवढे शब्द टाइप करून पाहावेत. ऱ्य आणि क्ष नीट जुळतात का, आणि वेलांटी आपल्या जागी बसते का, हे तेवढ्यावरून कळते. वेलांटी अक्षराच्या मागे पडणारे किंवा जोडाक्षराचे पाय मोडून दाखविणारे सॉफ्टवेअर, मग त्याची कीर्ती कितीही असो, आपल्या कामाचे नव्हे. आणि तेच सॉफ्टवेअर अन्य कारणांनी हवे असेल, तर शीर्षके इम्प्रेसमध्ये किंवा पॉवरपॉइंटमध्ये करून चित्ररूपाने आत घ्यावीत.

पाठ कोण आणि कशावर पाहणार, याचा विचार बहुतेकजण सर्वांत शेवटी करतात. मोठ्या स्क्रीनवर तयार केलेला पाठ बहुसंख्य विद्यार्थी हातातल्या मोबाइलवर पाहतात, आणि १९२० बाय १०८० ची स्क्रीन सहा इंचांत आवळली गेली की तक्त्यातील आकडे मुंगीएवढे होतात. येथे अधिक बारकाईने टिपणारे सॉफ्टवेअर घेऊन काहीही उपयोग नाही. स्क्रीनचा आकारच १२८० बाय ७२० ठेवावा, किंवा विंडोजचे स्केलिंग १५० टक्के करावे आणि तक्त्याचाही झूम तितकाच वाढवावा, म्हणजे स्क्रीनवर कमी मावते पण जे मावते ते वाचता येते. सेकंदाला ३० फ्रेम पुष्कळ झाल्या. ६० फ्रेमची मागणी खेळ दाखविणाऱ्यांची आहे. मेनू उघडणे आणि आकडे भरणे यांत फारशी हालचाल नसल्याने फाइलही आटोपशीर राहते: सेकंदाला २५०० किलोबिट धरले, तर तासाभराच्या रेकॉर्डिंगला आवाजासह सुमारे १.२ जीबी जागा लागते, आणि स्थिर तक्त्यासाठी याहूनही कमी चालते. पाच मिनिटांचा पाठ मग १०० एमबीच्या आसपास बसतो.

चित्र किंचित पुसट असले तरी विद्यार्थी सहन करतो. खोलीत घुमणारा आवाज तो अर्धे मिनिटही सहन करीत नाही. लॅपटॉपचा अंगचा माइक बोलण्याबरोबर पंख्याची घरघर आणि कीबोर्डची खडखड तितक्याच निष्ठेने टिपतो, म्हणून साधा वायरचा इयरफोन लावून त्याचा माइक तोंडाजवळ आणावा, खोलीतला पंखा तेवढा वेळ बंद ठेवावा, आणि पडदे-गाद्या असलेली खोली निवडावी. एवढ्याने जे साधते ते महाग माइकने मोकळ्या खोलीत साधत नाही. ओबीएसमध्ये आवाजातील घरघर कमी करणारा फिल्टर आहे, तो लावावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आउटपुटच्या प्रगत सेटिंगमध्ये माइकचा आवाज एका ट्रॅकवर आणि संगणकाचा आवाज दुसऱ्या ट्रॅकवर जाईल असे करून ठेवावे. दुरुस्तीचा प्रसंग आला की याचे महत्त्व कळते, कारण चुकलेले वाक्य पुन्हा बोलून तेवढेच बदलता येते आणि चित्रास हात लावावा लागत नाही. ज्यांची जीभ बोलताना आणि हात चालविताना गोंधळते, त्यांनी तर चित्र मुकाट्याने टिपून आवाज मागाहून, लिहिलेल्या मसुद्यावरून द्यावा, हे उत्तम.

‘मोफत’ या पाटीखाली मिळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या अटी वाचल्याशिवाय त्यांवर तासन्‌तास खर्चू नयेत. बँडिकॅमची विनामूल्य आवृत्ती दहा मिनिटांवर थांबते आणि चित्रावर आपले नाव छापते. लूममध्ये फुकट खात्यास पाच मिनिटांची आणि पंचवीस व्हिडिओंची मर्यादा आहे, शिवाय ते व्हिडिओ त्या कंपनीच्या दप्तरी साठविले जातात. सहकाऱ्यास झटपट काही दाखविण्यासाठी ते सोयीचे, कायमच्या पाठांसाठी मात्र गैरसोयीचे. मायक्रोसॉफ्टचे क्लिपचँप मात्र या पंक्तीत अपवाद म्हणावे लागेल: त्यात स्क्रीन एका वेळी अर्ध्या तासापर्यंत टिपता येते, एडिटिंग तेथेच होते, आणि १०८० चा व्हिडिओ शिक्क्याशिवाय बाहेर निघतो. नवख्या माणसाने ओबीएसकडे वळण्यापूर्वी ते वापरून पाहण्यास हरकत नाही. आणि कोणतेही सॉफ्टवेअर घ्या, ते मूळ निर्मात्याच्याच संकेतस्थळावरून उतरवून घ्या. तिऱ्हाईत ठिकाणच्या इन्स्टॉलरबरोबर नको ती शेपटे चिकटून येतात.

लिनक्स वापरणाऱ्यांस थोडक्यात एवढेच सांगावयाचे की वेलँडवर चालणाऱ्या नव्या डेस्कटॉपवर जुनी रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरे काळी स्क्रीन देतात; तेथे ग्नोमची अंगची सोय, जी २०२२ च्या ४२ व्या आवृत्तीपासून चांगली झाली, किंवा ओबीएस, एवढेच पर्याय धरावेत. मोबाइलवरचे ॲप शिकवावयाचे असेल, तर अँड्रॉइड ११ पासून आणि आयफोनच्या आयओएस ११ पासून रेकॉर्डिंग आतच दिलेले आहे, आणि अँड्रॉइडमध्ये बोट टेकले ती जागा दाखविण्याचीही सोय आहे. बँकांची बरीच ॲपे मात्र सुरक्षेसाठी रेकॉर्डिंगमध्ये मुद्दाम काळी दिसतात. तो दोष सॉफ्टवेअरचा नव्हे, आणि त्यावर आडमार्ग शोधूही नये.

त्यावरूनच आठवले म्हणून सांगतो. रेकॉर्डिंगसाठी संगणकावर एक स्वतंत्र यूजर खाते उघडावे, ज्यात तुमचे मेल नाही, व्हॉट्सॲप नाही, ब्राउझरमध्ये साठविलेले पासवर्ड नाहीत. सूचना बंद करण्याचे बटण दाबावयास मनुष्य विसरतो आणि नेमक्या त्याच वेळी स्क्रीनच्या कोपऱ्यात ओटीपी झळकतो. सातबारा किंवा प्राप्तिकराचा फॉर्म भरावयाचे शिकविताना खऱ्या व्यक्तीचे नाव, गट क्रमांक किंवा आधार क्रमांक दाखवू नये. मागाहून ती जागा धूसर करण्यात जो वेळ जातो त्यात बनावट माहितीचा पाठ दोनदा होतो.

तेव्हा माझा निवाडा असा. विंडोजवर छोटे पाठ करणाऱ्याने क्लिपचँपने आरंभ करावा आणि हात बसल्यावर ओबीएस व शॉटकट या जोडीवर यावे. मॅकवाल्याने अंगच्या सोयीवर आणि आयमूव्हीवर भागवावे. पाठ हाच ज्याचा व्यवसाय आहे त्याने कॅम्टेशिया किंवा स्क्रीनफ्लो यांचा खर्च करावा. यांपैकी काहीही निवडले तरी पहिला खरा पाठ करण्याआधी दोन मिनिटांचा चाचणीपाठ करा, त्यात मुद्दाम एक वाक्य चुकवा, ते दुरुस्त करून पाहा, आणि तयार फाइल घरातल्या सर्वांत स्वस्त मोबाइलवर, इयरफोन न लावता चालवा. दुरुस्तीस मूळ रेकॉर्डिंगपेक्षा फार अधिक वेळ लागला, तर ते सॉफ्टवेअर तुमच्यासाठी नव्हे, मग ते फुकट असो की विकतचे. आणि प्रत्येक पाठाच्या फोल्डरमध्ये दोन रकान्यांचा मसुदा, मूळ रेकॉर्डिंग आणि ज्या सॉफ्टवेअरबद्दल शिकविले त्याच्या आवृत्तीचा क्रमांक, तिन्ही जपून ठेवा. पुढल्या वर्षी मेनू बदलेल तेव्हा ते लागतील.